भर आणि जोड

आजचा विषय फळ्यावर लिहिलाय: फाइलसिस्टिमच्या कमांड-लाइन टूल्समध्ये डिस्क सांभाळणारी नवी कमांड कशी घालायची. त्याकडे येतोच. पण आधी एका क्रियापदाबद्दल बोलू द्या, कारण त्यापायी माझी एक अख्खी रात्र गेलीय.

2014 ची गोष्ट. एका संस्थेचा सर्व्हर मी बघायचो. झेडएफएस ही फाइलसिस्टिम, दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एक डिस्क कुरकुरायला लागली. म्हटलं, तिसरी लावू, तिघींचा मिरर झाला की आजारी काढू. टाइप केलं ‘झेडपूल ॲड’. इशारा आला: पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा, मिररचा आहे, नवी डिस्क एकटी आहे, तरीही करायचं तर डॅश एफ द्या. हाताला सवय असते. दिला.

मग ‘झेडपूल स्टेटस’ बघितलं. मिरर-झिरो, म्हणजे आमचा मिरर, त्याच्या खाली, जरा आत सरकून, जुन्या दोन डिस्क. नवी मात्र मिरर-झिरोच्याच रांगेत. फरक दोन स्पेसचा! त्याचा अर्थ असा, की इथून पुढे डेटा मिरर आणि ही एकटी डिस्क यांच्यात वाटला जाणार, आणि ती एकटी गेली की सगळा पूल गेला. परत काढायची सोय तेव्हा नव्हती. ती झेडएफएस ऑन लिनक्स 0.8 मध्ये, 2019 साली आली, आणि रेडझेड (डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी, मिररपेक्षा वेगळी रचना) असलेल्या पूलला आजही चालत नाही. एकटीला आणखी एक डिस्क जोडीला दिली असती तरी निभावलं असतं, पण मशीनमध्ये चौथी जागाच नव्हती. रात्रभर डेटा बाहेर कॉपी केला, पूल मोडला, नव्याने बांधला. मला हवी होती ती कमांड ‘अटॅच’.

आता बघा, मराठीत आपण दोन्हींना ‘जोडणे’ म्हणून मोकळे होतो. पण कणगीत धान्याची भर घालणं वेगळं आणि बैलाला जोड देणं वेगळं, हे घरात कुणाला शिकवावं लागत नाही. ॲड म्हणजे भर, अटॅच म्हणजे जोड. पुढे 2025 च्या जानेवारीत ओपनझेडएफएस 2.3 मध्ये (प्रकल्पाचं आताचं नाव) रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवायची सोय आली. फार वर्षं लोक तिची वाट बघत होते. पण ती घातली अटॅचमध्येच! तिथे अटॅचने जागा वाढते. म्हणजे जोडीनेही भर घातली. माझा आक्षेप इथेच आहे: माणूस मॅन्युअल नंतर वाचतो, शब्द आधी वाचतो.

पंधरा मिनिटं उरल्याची खूण दिसली. बीटीआरएफएस या लिनक्समधल्या दुसऱ्या फाइलसिस्टिमकडे येतो.

तिथे सुरुवातीला बीटीआरएफएस-व्हॉल नावाचं वेगळं टूल होतं. भर घालायला डॅश ए, काढायला डॅश आर. 2010 च्या सुमारास सगळं एका ‘बीटीआरएफएस’ कमांडखाली आलं: डिव्हाइस ॲड, डिव्हाइस डिलीट. पुढे डिलीटचं रिमूव्ह झालं, जुनं नाव चालू ठेवलं. हे मला फार आवडतं, कारण डिलीट वाचून डेटा पुसला जाईल असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तो बाकीच्या डिस्कवर हलवला जातो. ॲड क्षणात होतं, जुना डेटा बॅलन्स केल्याशिवाय, म्हणजे सगळ्या डिस्कवर पुन्हा वाटल्याशिवाय, जागचा हलत नाही. रिमूव्हला तास लागतात. डिस्क बदलायची तर पूर्वी ॲड आणि रिमूव्ह दोन्ही करावं लागायचं. लिनक्स 3.8 बरोबर, 2013 मध्ये ‘रिप्लेस’ आलं, ते थेट कॉपी करतं आणि किती झालं ते विचारताही येतं.

नवी कमांड घालणं कोडच्या दृष्टीने थोडकं आहे: कमांडच्या यादीत एक ओळ, एक फंक्शन, माउंट पॉइंट (फाइलसिस्टिम जिथे लावलीय तो फोल्डर) उघडून कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, आयओसीटीएल नावाची विनंती. खरं काम कर्नल करतो. आपलं काम त्याच्या आधीचं: डिस्क माउंट आहे का, तिच्यावर जुनी फाइलसिस्टिम आहे का, आणि पूलचा आकार नंतर कसा दिसेल ते छापून दाखवणं. ‘झेडपूल ॲड’ला डॅश एन दिला की काही न बदलता पूलचा हा आकार दिसतो; माझ्या मते ते न मागता दिसावं. म्हणून पॅच लिहिताना आधी मदतीचा मजकूर लिहा. तो एका वाक्यात बसेना, तर कमांडच्या दोन कमांड करा.

या लॅपटॉपवर एकेक जीबीच्या चार फाइल लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे खोट्या डिस्क म्हणून, लावून ठेवल्यात. दोघींवर बीटीआरएफएसचं रेड-वन, म्हणजे मिररसारखी मांडणी, आहे. त्यातली एक रिमूव्ह करायला जा, नकार येईल. का ते संदेशातच आहे. ज्यांना करून बघायचंय त्यांनी पुढे या.