ऑर्डर! सफकच्या पबमधली शनिवारची रात्र

इंग्लंडच्या पूर्व भागातलं सफक परगण्यातलं ब्लॅक्सहॉल हे गाव. गावात शिप इन नावाचा पब. पडद्यावर दिसतंय ते 1955 सालचं चित्रण, लोकगीतं गोळा करणारे पीटर केनेडी आणि ॲलन लोमॅक्स यांनी इथे कॅमेरा आणला तेव्हाचं. बाकांवर बसलेत ते गावातले लोक, बरेचसे शेतात राबणारे.

पबमधलं गाणं म्हटलं की पिऊन घातलेला धिंगाणा डोळ्यांपुढे येतो. इथे तसलं खपत नसे. मंडळींतलाच एक जण अध्यक्ष. त्याने टेबलावर ठोकून 'ऑर्डर' म्हटलं की कुजबुज बंद. मग ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने गायचं. गळा नसेल तर काहीतरी म्हणून दाखवायचं, तेही नको असेल तर मुकाट्याने दंड भरायचा.

गाण्यांनाही मालक असत. एखादं गाणं अमक्याचं असं ठरलं, की तो समोर असताना दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. 'द नटिंग गर्ल' म्हटलं की सिरिल पोचर. कडवं त्याचं एकट्याचं, ध्रुवपद मात्र अख्ख्या खोलीचं. भजनात टाळकरी उचलून धरतात ना, अगदी तसं.

आणि आता फक्त पाय बघा. मेलोडियनवर, म्हणजे बटणांच्या छोट्या अकॉर्डियनवर, हॉर्नपाइपची नाचाची धून सुरू झाली की एखादा स्टेप डान्स करायला उठतो. कंबरेच्या वर अंग जवळजवळ स्थिर, हात सैल सोडलेले. सगळा खेळ टाचा आणि चवड्यांचा, पाय जमिनीपासून फारसे उचलायचेच नाहीत. विटांच्या फरशीवर आवाज उठत नाही, म्हणून कुठे कुठे खाली लाकडी फळी टाकत. नाल ठोकलेले कामाचे बूट हेच तालवाद्य! या नाचात जिप्सी मंडळींचा हात धरणारे थोडेच.

जवळच्याच ईस्टब्रिजमधल्या ईल्स फूट पबमधली अशी मैफल तर 1939 सालीच बीबीसीच्या रेडिओवर गेली होती. पुढे ट्रॅक्टर आले, शेतावरची माणसं कमी झाली. पबमध्ये ज्यूकबॉक्स वाजू लागला, घरोघरी टीव्ही आला.

1970 च्या दशकात अभ्यासक जिनेट डन यांनी ब्लॅक्सहॉल आणि शेजारच्या स्नेपमधल्या गाणाऱ्यांना बोलतं केलं. त्यात बायकाही होत्या. पब हा मुख्यतः पुरुषांचा अड्डा, बायकांचं गाणं बहुतेक घरातच चाले. तिथे ना अध्यक्ष होता, ना 1955 चा कॅमेरा पोहोचला.