दुसरी पसंती विचारतंय कोण?

(दिवाळीच्या कार्यक्रमात, २ नोव्हेंबर २०२४ रोजी बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया इथे झालेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या शुभेच्छा. मागे फराळाचे डबे उघडलेत, वास इथपर्यंत येतोय, तरी तुम्ही पुढे येऊन बसलात, थँक्यू. मंगळवारी मतदान आहे. कुणाला मत द्या हे सांगायला मी उभी नाहीये, या हॉलमध्ये दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि इतकी वर्षं एकमेकांच्या घरी चकल्या पोचवतायत, ते तसंच चालू राहू दे. मला बोलायचंय ते पसंतीक्रमाच्या मतदानावर, म्हणजे उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे, कुणालाच बहुमत नसेल तर शेवटच्याला बाद करून त्याच्या मतदारांची दुसरी पसंती मोजायची, ती पद्धत इथल्या अध्यक्षीय निवडणुकीत आणावी यावर. पण आधी या कॅम्पेनबद्दल मनात जे साठलंय ते बोलू द्या, नाहीतर पुढचं नीट निघायचं नाही.

तुम्ही सगळे इथलेच, त्यामुळे सांगायला नको. फोन वाजला की टेक्स्ट मेसेज, पत्रपेटी उघडली की चकचकीत कार्डं, मॅच लावली की दर ब्रेकला जाहिरात, आणि सगळ्यांत एकच गोष्ट, तो दुसरा आला तर तुमचं वाटोळं होईल. एका बाजूची जाहिरात म्हणते कमला 'त्यांच्या' आहेत, ट्रम्प 'तुमचे' आहेत, आता हे 'ते' म्हणजे कोण आणि 'तुम्ही' म्हणजे कोण? मी नक्की कुठल्या खात्यात? दुसऱ्या बाजूची जाहिरात आली की भीतीचं दुसरं चित्र. १६ ऑक्टोबरला हॅरिस आपल्या काउंटीत वॉशिंग्टन क्रॉसिंगला येऊन गेल्या, २० तारखेला ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडॉनल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्राइज भरत होते. पाच दिवसांत दोघं दाराशी. आणि आपल्याला काय कळलं? हॅरिस यांनी खरंच कॉलेजात असताना मॅकडॉनल्ड्समध्ये काम केलं होतं की नाही यावर वाद! मंडळी, देशाचा अध्यक्ष निवडतोय आपण.

आणि हा आठवडा तर कचऱ्यात गेला, शब्दशः. रविवारी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या सभेत एका विनोदवाल्याने पोर्तो रिकोला तरंगता कचरा म्हटलं, इथे अ‍ॅलनटाउन, रीडिंगमध्ये केवढी पोर्तो रिकन वस्ती आहे, त्यांना काय वाटलं असेल. मग बायडन बोलायला गेले तर ट्रम्पच्या समर्थकांनाच कचरा म्हटल्यासारखं निघालं, मग व्हाइट हाऊसचा खुलासा, की ते सगळ्या समर्थकांना उद्देशून नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ट्रम्प विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढून बसले. निवडणुकीआधीचा शेवटचा आठवडा हा! सप्टेंबरमध्ये ट्रम्पच्या समर्थक लॉरा लूमर बाईंनी लिहिलं की हॅरिस जिंकल्या तर व्हाइट हाऊसला करीचा वास येईल. ते वाचून मला राग आला आणि अजून आहे. माझी मुलगी इथे जन्मली, इथे शाळेत गेली, या वर्षी पहिल्यांदा मत देतेय, आणि तिच्या वाट्याला हे.

आता माझी खरी तक्रार ऐका. १० सप्टेंबरची डिबेट आपल्या फिलाडेल्फियात, कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये झाली. मी वही घेऊन बसले होते, आमच्या घरी तशी पद्धतच आहे. मला एकाच विषयाची वाट बघायची होती, ग्रीन कार्डची रांग. तुमच्यातल्या निम्म्या घरांत तो विषय जेवणाच्या टेबलावर असतो. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारतातून आलेल्या इंजिनिअरची रांग दशकांत मोजायची. आमच्या शेजारचं कुटुंब, नाव सांगत नाही, मुलगा बाळ असताना आले, कायदेशीर, टॅक्स भरतायत, घर घेतलंय, आणि मुलगा २१ चा झाला की आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर पडतो, मग स्टुडंट व्हिसा शोधा नाहीतर परत जा, जो देश त्याने सुट्टीत आजीकडे बघितलाय तिथे. त्याची आई माझ्याकडे येऊन रडली. तर दीड तासाची डिबेट, त्यात इमिग्रेशनवर भरपूर बोलणं, आणि माझ्या वहीत काय उतरलं? ट्रम्प म्हणतायत, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री खातायत, मांजरी खातायत! रांगेबद्दल एक वाक्य नाही, दोघांकडूनही नाही. जूनमध्ये ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले होते की इथे पदवी घेणाऱ्याला डिप्लोमाबरोबरच ग्रीन कार्ड द्यावं, मी खुर्चीतून उठले होते ऐकून, पण कॅम्पेनने लगेच त्याला अटी लावल्या आणि मग विषयच गेला. हॅरिस यांची आई चेन्नईहून शिकायला आलेली, त्यांच्या तोंडून तरी या रांगेबद्दल ठामपणे काही येईल असं वाटलं होतं, तेही नाही.

का नाही? दोघांनाही गरज नाही म्हणून! रांगेत उभ्या माणसाला मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांच्यापुढे दोनच दारं, एका दाराची भीती घातली की माणूस आपोआप दुसऱ्यात शिरतो. एवढंच गणित आहे या सगळ्या चिखलफेकीचं.

आता माझ्या आवडीची गोष्ट, ही मला सांगायचीच आहे. माझे वडील सांगली जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक लागली की उमेदवार, त्यांची माणसं घरी येऊन बसायची, चहा व्हायचा. बाबा स्पष्ट सांगायचे, माझं पहिलं मत अमुक सरांना ठरलंय. तर समोरचा माणूस उठून जायचा नाही! तो म्हणायचा, हरकत नाही गुरुजी, तुमचा शब्द आम्ही मोडा म्हणत नाही, पण दुसऱ्या पसंतीचं तरी आम्हाला द्या. आणि मग अर्धा तास पेन्शन, वेतनश्रेणी, तुकड्यांचं अनुदान, असल्या कामाच्या गोष्टी. ज्याच्याकडे दुसरी पसंती मागायला जायचंय त्याच्या सरांना शिव्या कशा देणार? हे मी परकरात असताना बघितलंय, ओट्याशी उभं राहून.

आणि भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूकही अशीच पसंतीक्रमाने होते, आमदार-खासदार आकडे टाकतात. १९६९ आठवतंय का कुणाला? देशपांडे काका मान हलवतायत. राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले, निवडणूक लागली, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, समोर व्ही. व्ही. गिरी, इंदिराबाई म्हणाल्या अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्या, आणि तिसरे कोण? आपले चिंतामणराव देशमुख! संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडलेला माणूस. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९, कुणाचाच कोटा, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं, पुरा नाही. मग बाकीचे बाद होत गेले, दुसरी पसंती मोजली, शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली तरी गिरी निसटले. आता कुणी म्हणेल, अहो त्यावर्षीच काँग्रेस फुटली, काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी देशमुखांच्या मागे असलेल्या जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे रेड्डींसाठी दुसरी पसंती मागितली म्हणून केवढी बोंबाबोंब झाली. झाली. पण मागावी लागली हे महत्त्वाचं! विरोधकाच्या दारात जाऊन बोलावं लागलं. इथे गेल्या चार महिन्यांत कोण कुणाच्या दारात गेलं?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत, नाट्यगीतवाले तंबोरे जुळवतायत. मग मूळ मुद्दा भरभर सांगते.

एक म्हणजे, यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्याराज्यांच्या इलेक्टरांनी अध्यक्ष निवडायची पद्धत, रद्द करायचं तर घटनादुरुस्ती, ती १९६९ मध्येच इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, ३३८ विरुद्ध ७० मतांनी पास झाली होती आणि पुढच्या वर्षी सेनेटमध्ये अडवून संपवली. पण आपले १९ इलेक्टर कसे ठरवायचे हे राज्याच्या हातात आहे. मेनने २०२० पासून अध्यक्षासाठी पसंतीक्रम वापरलाय, अलास्का या मंगळवारी वापरणार. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने हॅरिसबर्गमध्ये कायदा केला की झालं.

फरक काय पडेल? २०१६ ला इथे ट्रम्प ४४,२९२ मतांनी जिंकले, छोट्या पक्षांच्या उमेदवारांपैकी गॅरी जॉन्सन यांना त्याच्या तिपटीहून जास्त मतं होती, जिल स्टाइन यांनाही ४४ हजारांहून जास्त. त्या सगळ्यांची दुसरी पसंती कोण होती? कुणी विचारलंच नाही. २००० ला फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर ठरला, तिसरे उमेदवार नेडर यांना तिथे ९७ हजार. निकाल कुठल्या बाजूला गेला असता यावर मला भांडायचं नाही, ती माणसं मतदान करूनही मोजणीच्या बाहेर राहिली हे मला खुपतं.

भाषेवर परिणाम होतो का? अलास्कात २०२२ च्या हाउसच्या पोटनिवडणुकीत सारा पेलिन आणि निक बेगिच, दोघं रिपब्लिकन, एकमेकांवर तुटून पडले. बेगिच बाद झाले तेव्हा त्यांच्या मतदारांपैकी जेमतेम निम्मे पेलिनकडे गेले आणि डेमोक्रॅट मेरी पेल्टोला निवडून आल्या. शिव्या देण्याची किंमत मोजावी लागली, इतकी सरळ गोष्ट आहे. त्याच अलास्कात ही पद्धत काढून टाका म्हणून मंगळवारी मतदान आहे हेही खरं, आणि ओरेगन, आयडाहो, नेवाडा, कोलोरॅडोत ती आणावी म्हणून आहे. लोक म्हणतात गुंतागुंतीचं आहे, मोजायला वेळ लागतो. मेनच्या २०१८ च्या हाउसच्या लढतीत थोडे दिवस लागले, जॅरेड गोल्डन पहिल्या फेरीत मागे होते आणि दुसऱ्या पसंतीने जिंकले, प्रकरण कोर्टात गेलं तरी टिकलं. आणि गुंतागुंतीचं कसलं, आमच्या तालुक्यातले शिक्षक करत होते की!

अजून दोन मिनिटं. मंगळवारी नुसता अध्यक्ष नाही, हॅरिसबर्गच्या, म्हणजे राज्याच्या, हाउसच्या सगळ्या २०३ जागाही आहेत. तुमच्या भागातून जो कुणी निवडून येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याच्याकडे जानेवारीत आपण एकत्र जायचं, दोन्ही बाजूंची माणसं मिळून, अध्यक्षीय निवडणुकीसाठी पसंतीक्रमाचं बिल मांडा म्हणून. दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवलाय, नाव आणि गाव लिहा. ज्यांना मत नाही त्यांनीही लिहा, तुमच्यासाठी वेगळा रकाना केलाय, कारण रांगेतल्या माणसाची बाजू त्या ऑफिसात कुणीतरी मांडली पाहिजे.

आणि मतदान सकाळी ७ ते रात्री ८. आठच्या ठोक्याला रांगेत असाल तर मत देऊ देतात, कुणी घरी पाठवायला लागलं तर हलू नका.