हाताची सवय नव्हे, कंपवात

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या पूर्व भागातल्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. आयुष्यभर विड्या वळलेले हात. काम सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी नुसतं बसलं की उजवा अंगठा तर्जनीवर फिरायचा. घरचे म्हणायचे, “सवय लागलीय हाताला.” शुगर जुनी, त्यामुळे कधी कधी तोंडात साखरही घालायचे. तो कंपवात होता. म्हणजेच पार्किन्सन.

शुगर उतरली की हात थरथरतात, हे खरंच आहे. पण ती थरथर अचानक येते, दोन्ही हातांना येते. सोबत घाम, धडधड, भूक असते आणि गोड खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. कंपवाताची थरथर बहुधा एकाच बाजूनं सुरू होते, हात मांडीवर स्वस्थ असताना दिसते आणि साखरेनं थांबत नाही. काहींना तर थरथर नसतेच. भाकरी थापायला वेळ लागतो, अक्षर बारीक होतं, चालताना एक हात हलत नाही. खांदा आखडणं तर दोन्ही आजारांत आढळतं, म्हणून तिथे हमखास फसगत होते.

हे दोन्ही एकत्र आले की जास्त त्रास पायांना. मधुमेहानं तळपाय बधिर, कंपवातानं पाऊल अडखळतं. उठल्यावर रक्तदाब एकदम उतरणं हेही दोन्हीकडे. म्हणून पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, मगच उभे राहा. टाइप २ मधुमेह असलेल्यांना कंपवाताचा धोका थोडा जास्त असतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलंय. मेंदूच्या पेशींनाही इन्सुलिन लागतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. मधुमेहाच्या इंजेक्शनांनी कंपवात रोखता येईल का, हेही तपासलं गेलं. २०२४ मध्ये एकानं थोडी आशा दाखवली, २०२५ मधल्या मोठ्या चाचणीत त्याच गटातल्या दुसऱ्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा कंपवातासाठी म्हणून ती मागू नका.

औषधांबाबत मात्र जपा. लेव्होडोपा, म्हणजे कंपवातावरची मुख्य गोळी, साधारण जेवणाआधी अर्धा तास घ्यावी; डाळ, दूध, शेंगांसोबत ती नीट लागू पडत नाही. शुगरच्या काही गोळ्या जेवणासोबतच्या असतात, त्यांची वेळ वेगळी लिहून ठेवा. आणि मळमळीवर दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड कंपवात वाढवू शकते. दुकानातून आणण्याआधी विचारा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा.