मार्सेयचं पाणी: आलं कुठून, गेलं कुठे

श्रोतेहो, नमस्कार.

मार्सेय म्हटलं की मराठी माणसाला एकच पाणी आठवतं. ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी उडी घेतली, ते समुद्राचं पाणी. आपल्याकडच्या जुन्या लिखाणात त्या बंदराचं नाव 'मार्सेलिस' असं भेटतं. आज मी बोलणार आहे ते त्याच शहराच्या गोड्या पाण्याबद्दल. गेल्या दोनशे वर्षांत मार्सेय कसं घडलं हे बंदरावरून सांगता येतं, तसं पाण्यावरूनही सांगता येतं. आणि माझ्या मते पाण्यावरून ते जास्त नीट कळतं.

१८३० मध्ये फ्रान्सनं अल्जीरियात पाय रोवले आणि मार्सेयच्या बंदरात गलबतांची गर्दी वाढू लागली. माणसंही वाढली. वस्ती दीड लाखाच्या घरात पोचली. पाणी मात्र तेवढंच राहिलं: यूव्होन ही लहानशी नदी, एक जुना पाट आणि विहिरी. प्रोव्हान्सचा उन्हाळा कोरडा असतो. त्या दिवसांत नदीची धार बारीक व्हायची आणि कारंज्यांपाशी घागरींच्या रांगा लागायच्या. १८३४-३५ मध्ये दुष्काळ होताच, त्यात कॉलरा आला. तेव्हाचे महापौर काँसोला यांनी ठरवलं की खर्च कितीही होवो, पाणी द्युरांस नदीतून आणायचं. ही आल्प्समध्ये उगम पावणारी मोठी नदी शहराच्या उत्तरेला, डोंगरांपलीकडे आहे. ४ जुलै १८३८ ला संसदेनं कायदा करून नदीतून सेकंदाला पावणेसहा घनमीटर पाणी उचलायची परवानगी दिली.

आकडा लहान वाटतो, म्हणून हिशोब करून पाहू. सेकंदाला पावणेसहा घनमीटर म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच लाख घनमीटर. दीड लाख लोकांत वाटलं तर माणशी रोजचे तीन हजार लिटरहून जास्त. एवढं पाणी पिण्यापुरतं नव्हतंच. शेती, गिरण्या, बागा आणि पुढे वाढणारं शहर, असा सगळ्यांचा विचार त्यात होता. हा दूरचा विचार मला त्या माणसांचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

काम आलं फ्रांझ माँत्रिशे या तरुण अभियंत्याकडे. १८३९ मध्ये खोदाई सुरू झाली. नदीवरचं कालव्याचं तोंड समुद्रसपाटीपासून सुमारे १८७ मीटरवर, आणि पाणी शहराच्या वेशीवर दीडशे मीटरच्या आसपास उतरवायचं होतं, म्हणजे टेकड्यांवरच्या वस्तीलाही ते पंपाशिवाय मिळेल. मधलं अंतर ऐंशी किलोमीटर. पंप नाही, फक्त उतार. उघड्या कालव्यात हा उतार ठेवला किलोमीटरला ३६ सेंटीमीटर. जरा डोळ्यांसमोर आणा: एक किलोमीटर चालून गेल्यावरही तळ गुडघ्याएवढासुद्धा खाली गेलेला नाही. उतार यापेक्षा कमी ठेवला तर पाणी संथ होतं, गाळ तळाशी बसतो आणि कालवा भरत जातो. जास्त ठेवला तर पाणी काठ पोखरतं, शिवाय शहरापर्यंत पोचताना हातात उंचीच उरत नाही. बोगद्यांत आणि पुलांवर मात्र कालवा अरुंद करावा लागतो. अरुंद जागेतून तेवढंच पाणी जायचं तर वेग वाढायला हवा, म्हणून तिथे उतार जास्त दिलेला आहे.

वाटेत डोंगर आले तिथे बोगदे काढले. खरी परीक्षा आली आर्क नदीच्या दरीत, रोकफाव्हूर इथे. दरी ओलांडायचा स्वस्त मार्ग म्हणजे लोखंडी नळ खाली उतरवून पलीकडे वर चढवायचे. पण अशा नळांत घर्षणानं उंची वाया जाते, आणि पाणी गढूळ असेल तर गाळ नेमका खालच्या वळणात साठतो. माँत्रिशेनं दगडी पूलच बांधला. कमानींचे तीन मजले: तळाला १२, मधे १५ आणि वर ५३ लहान कमानी. उंची सुमारे ८३ मीटर. रोमनांनी बांधलेला प्रसिद्ध पाँ द्यू गार हा जलसेतू ४९ मीटरचा आहे, त्यावरून अंदाज यावा. १८४७ मध्ये पूल पुरा झाला आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये द्युरांसचं पाणी शहरातल्या लाँशाँच्या टेकडीवर पोचलं.

त्या टेकडीवर पुढे १८६२ ते १८६९ या काळात एस्पेराँदियू या वास्तुरचनाकारानं एक राजवाड्यासारखी वास्तू उभारली. मधोमध द्युरांस नदी स्त्रीरूपात रथात उभी आहे, शेजारी द्राक्षवेल आणि गहू यांच्या मूर्ती, आणि रथाला जुंपलेले कामार्गचे चार दांडगे बैल. त्यांच्या पायाशी पाणी धबधब्यासारखं कोसळतं. लोक पुढे उभे राहून फोटो काढतात. मागे टेकडीच्या पोटात पाण्याचे हौद होते हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

आता अडचण काय झाली ते सांगतो. द्युरांस ही डोंगरातली नदी, सोबत पिठासारखा बारीक गाळ घेऊन येते. भांड्यात हे पाणी घेतलं तर ते राखाडी दिसतं आणि तळाला थर बसायला बराच वेळ लागतो. जो वेग कालव्यात गाळ बसू देत नाही, तोच वेग गाळ थेट शहराच्या नळांपर्यंत घेऊन येतो. म्हणून वाटेत मोठी तळी हवीत. तिथे पात्र एकदम रुंद होतं, पाणी जवळजवळ थांबतं आणि गाळ खाली बसतो. सुरुवातीचे हौद लहान होते, ते भराभर भरले. मग एक्स या शहराजवळ रेआल्तोरचं मोठं तळं बांधलं. तेही गाळानं भरू लागलं. तेव्हा चूक लक्षात आली: गाळ शहराजवळ नव्हे, नदीजवळच अडवायला हवा, म्हणजे साठलेला गाळ परत नदीत सोडता येतो. १८८० च्या दशकात सां-क्रिस्तॉफचं तळं नदीच्या बाजूला झालं ते याच कारणानं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. पाणी आत आणलं, पण बाहेर काढायची वाट केली नाही. घराघरांत पाणी खेळू लागलं, सांडपाणी कैक पटींनी वाढलं आणि गटारं जुन्या बंदरात उघडत राहिली. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, खाडी दिवसातून दोनदा धुऊन निघते. मार्सेयला भूमध्य समुद्राची भरती जेमतेम वीत-दीड वीत. (समुद्र इतका स्थिर म्हणूनच १८८५ ते १८९७ अशी बारा वर्षं इथे समुद्रपातळी मोजली गेली आणि मुख्यभूमी फ्रान्समधल्या डोंगरांची उंची आजही त्या शून्यावरून धरतात.) ज्या बंदरात पाणी हलत नाही, तिथे टाकलेली घाण तिथेच राहते. १८८४ मध्ये कॉलरा पुन्हा आला. कोलकात्यातलं संशोधन संपवून नुकतेच परतलेले जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख त्याच वर्षी या साथीसाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आले होते. कालवा येऊन पस्तीस वर्षं झाली होती, तरी शहर कॉलऱ्यापासून सुटलं नव्हतं.

मग १८९० च्या दशकात भुयारी गटारांचं जाळं झालं आणि सुमारे बारा किलोमीटरचा मुख्य नाला डोंगराखालून कोर्तियूच्या निर्जन कड्यापर्यंत नेला. शहर सुधारलं, पण मैला प्रक्रिया न होता थेट समुद्रात जात राहिला. किती काळ? १९८७ पर्यंत. त्या वर्षी व्हेलोड्रोम स्टेडियमच्या शेजारी जमिनीखाली प्रक्रिया केंद्र सुरू झालं. जैविक प्रक्रियेची सोय त्यात २००८ मध्ये आली. नव्वद वर्षं हे चालू दिलं, हा या शहराच्या इतिहासातला मोठा दोष आहे, आणि मार्सेयच्या वैभवाबद्दल बोलताना तो सांगितला पाहिजे.

कालवा आजही चालू आहे. सेर-पोंसाँचं धरण झाल्यावर द्युरांसवर वीज मंडळाचा कालवा आला आणि मार्सेयचा कालवा आता त्यातून पाणी घेतो. शहराचं सुमारे दोन तृतीयांश पाणी द्युरांसचं. उरलेलं व्हेर्दाँ नदीतून दुसऱ्या कालव्यानं येतं. एक वाट बंद पडली तर दुसरी हाताशी असते.

कोर्तियूचा कडा २०१२ पासून राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. प्रक्रिया केलेलं पाणी तिथेच सोडतात. जुन्या शहरात पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतो, त्यामुळे शरद ऋतूत धो-धो पाऊस पडला की केंद्राला सगळा लोंढा पेलत नाही. मग जास्तीचं पाणी प्रक्रियेशिवाय समुद्रात जातं, आणि किनाऱ्यावर पोहायला बंदी असल्याच्या पाट्या लागतात.