दीड फुटांचा एक सेकंद

नमस्कार मंडळी,

आपल्या कार्यक्रमांत नटांवर, गायकांवर भरभरून बोललं जातं. आज मला वामन भोसले यांच्याविषयी बोलायचं आहे. 'दो रास्ते', 'आंधी', 'मौसम', 'अग्निपथ', 'गुलाम'... या चित्रपटांचे संकलक. नाव कानावर आलं नसेल, त्यांचं काम मात्र आपण सगळ्यांनी पाहिलंय.

जन्म १९३२चा, बार्देशातल्या पोंबुर्फ्याचा. गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य असताना, १९५२ साली, विशीतला हा मुलगा कामाच्या शोधात मुंबईत आला. बॉम्बे टॉकीज या स्टुडिओत संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकला आणि मग फिल्मिस्तान स्टुडिओत १२ वर्षं सहायक राहिला. बारा वर्षं! इथे येऊन पहिल्यापासून सुरुवात केलेल्यांना त्या वर्षांचं वजन मी काय सांगणार? राज खोसलांच्या 'दो रास्ते'नं दिवस पालटले. पुढे गुरुदत्त शिराळींबरोबर त्यांची जोडी जमली. 'इन्कार'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'सौदागर'साठी फिल्मफेअर.

तेव्हा संकलन हातानं व्हायचं. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे २४ चौकटी (फ्रेम), दीड फूट फिल्म. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. पेन्सिलीनं खूण करायची, कापायचं, जोडायचं, पुन्हा चालवून बघायचं. चार चौकटी म्हणजे जेमतेम बोटभर पट्टी, पण तेवढीच जास्त राहिली तरी प्रसंग सैल पडतो.

'कर्ज'मधलं 'एक हसीना थी' आठवा. मंचावर माँटी मागच्या जन्मातल्या आपल्याच खुनाची गोष्ट गातोय आणि समोर प्रेक्षकांत तो खून करणारी कामिनी बसलीय. मंचावरून तिच्या चेहऱ्यावर कधी जायचं, तिथे किती थांबायचं, तिची नजर हलायच्या आत परत कधी यायचं? सिमी गरेवालनी भीती दाखवली हे खरंच, पण ती आपल्या छातीत धडधडते ती या कापण्या-जोडण्यामुळे. मी हे गाणं लहानपणापासून बघतोय. तो चेहरा नेमक्या कोणत्या सुरावर येतो, हे गेल्या महिन्यात आवाज बंद-चालू करत पाहिलं, तेव्हा कुठे लक्षात आलं.

२६ एप्रिल २०२१ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, भोसले मुंबईत गेले. करोनाचे दिवस होते, ती बातमी आपल्यापैकी कितीजणांपर्यंत पोचली असेल?

जेवणानंतर हेच गाणं मोठ्या पडद्यावर लावतोय. आधी आवाजासकट, मग आवाज बंद करून. मुलांनाही पुढे बसवा.