बस्त्याच्या दुकानातला आरसा

(दृश्य: पैठण. कापड दुकान. गादीवर साड्यांचा ढीग, नवरीच्या अंगावर जांभळी पैठणी.)

लग्नाचा बस्ता. नवरी एक, पारख करायला अकरा जण. आत्याला काठ पसंत, मावशीला नाही. नवरी मात्र कुणाचंच ऐकत नाही, ती आरशात बघतेय. साडेपाच फुटी आरसा. खिळ्यावर टांगलेला नाही, भिंतीला नुसता टेकवलेला.

(दृश्य: आरशाची खालची कड, मग वरची.)

खालची कड नवरीकडे सरकलेली, वरची मागं. त्यामुळे प्रतिबिंबात पाय जवळ येतात, डोकं लांब जातं. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. निऱ्या लांबसडक, अंग शेलाटं! त्यात काच 3-4 मिलिमीटरची असली, तर आपल्याच वजनानं मधोमध भिंतीकडे दबते, किंचित खोलगट होते आणि माणसाला उभं ताणते. दुकानदाराला हे ठाऊक असेलच असं नाही. पण तो आरसा सरळही करत नाही!

घरात देवांच्या तसबिरी वरून पुढं झुकवून टांगतात. आरसा तसा टांगला की उलटं होतं, डोकं मोठं आणि पाय आखूड.

अशाच एका टेकवलेल्या आरशापुढं मी एकदा शेरवानी घेतली होती. दुकानात राजबिंडा दिसलो. घरच्या कपाटाच्या आरशात बँडवाला.

(दृश्य: आजी हातानं खुणावते.)

“मागं सरक गं, पाय दिसंनात.”

आजीबाई, आरसा सरळ उभा असेल तर मागं सरकून उपयोग नाही. नखशिखांत दिसायला आपल्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, मग दोन हात लांब उभं राहा की दहा. पाच फूट दोन इंचांच्या या पोरीला 31 इंची आरसा बास. फक्त खालची कड जमिनीपासून साधारण 29 इंचांवर हवी. चूक होते ती तिथंच, आरसा टांगताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाचा अंदाज घेतला की.

(दृश्य: पदर हलतो, रंग पालटतो.)

आता रंग. या पैठणीचा ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा; बाणा, म्हणजे आडवा, दुसऱ्या. हात हलला की जांभळ्यातून लाल डोकावतो, हीच तिची धूपछाव. नेमका इथं आरसा दाराकडे तोंड करून. उजेड नवरीच्या पाठीवर, चेहरा अंधारात आणि पदर नुसता काळपट.

“दादा, आरसा दाराजवळ घ्या की जरा.”

पोऱ्या आरसा उचलतो, दाराशेजारच्या भिंतीला सपाट लावून हातानं धरून ठेवतो. उजेड आता एका बाजूनं थेट तोंडावर. नवरी पुन्हा उभी राहते. उंची दोन बोटं कमी झाल्यासारखी वाटते, गाल भरलेले. ती जरा हिरमुसते. पदर मात्र झळकतो.

मागून मावशी म्हणते, “आता कशी आईवानी दिसायलीस!”