कुत्र्याच्या दोन पॉलिसी, बिल एकच: क्लेम कसा करायचा?

नमस्कार. नवऱ्याने एका कंपनीकडून कुत्र्याचा विमा घेतला, बायकोने दुसरीकडून. किंवा कंपनी बदलली, पण जुनी पॉलिसी अजून संपलेली नाही. त्यातच कुत्र्याला गाडीचा धक्का बसला आणि पायात प्लेट घालावी लागली. बिल आलं ४०,००० रुपये.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. दोन्हीकडून ४०-४० हजार घेता येत नाहीत. विमा झालेला खर्च भरून देतो, त्यावर नफा देत नाही. क्लेम फॉर्ममध्ये ‘दुसरी पॉलिसी आहे का’ असं विचारलं असेल तर ‘हो’ लिहा आणि नंबर द्या. लपवलेलं उघडकीला आलं तर क्लेम फेटाळला जाऊ शकतो.

बरेच जण इथे चुकतात: माणसांच्या मेडिक्लेममध्ये क्लेम कोणत्या कंपनीकडे करायचा हे आपण ठरवतो. कुत्र्या-मांजरांचा विमा मात्र आरोग्य विम्यात मोडत नाही, त्यामुळे तो नियम इथे गृहीत धरू नका. पॉलिसीच्या कागदात ‘कॉन्ट्रिब्यूशन’ किंवा ‘रेटेबल प्रपोर्शन’ हे शब्द शोधा. ते असतील, तर प्रत्येक कंपनी फक्त आपला वाटा देते.

[स्क्रीनवर आकडेमोड]

पहिल्या पॉलिसीची विमा रक्कम ६०,०००, दुसरीची ४०,०००. प्रमाण ३ः२. म्हणजे ४०,००० च्या बिलातले २४,००० पहिली देणार, १६,००० दुसरी. दुसरीत १० टक्के को-पे, म्हणजे आपण स्वतः भरायचा हिस्सा, असेल, तर तिच्या वाट्यातून १,६०० कापले जातील. हातात येतील ३८,४००. एकच पॉलिसी असती, तीही को-पे नसलेली, तर कदाचित पूर्ण ४०,००० मिळाले असते! दोन पॉलिसी म्हणजे दुप्पट संरक्षण, असं म्हणूनच समजू नका.

दुसऱ्या पॉलिसीचा वेटिंग पीरियड, म्हणजे क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, चालू असेल किंवा तो आजार तिच्यात वगळलेला असेल, तर मात्र वाटणीचा प्रश्नच येत नाही. पहिल्या कंपनीने तरीही वाटा कापला, तर दुसरीचं नकाराचं पत्र जोडून फेरविचार मागा.

आता कागद. दोन्ही कंपन्यांना एकाच दिवशी ईमेलने कळवा. कळवण्याची मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर दुसरीची मुदत उलटून जाऊ शकते. मूळ बिलं एका कंपनीकडे जातात. म्हणून दवाखान्यातून निघतानाच सही-शिक्क्याचा दुसरा संच मागून घ्या. बिलात एक्स-रे, भूल, प्लेट, सर्जनची फी, औषधं यांच्या रकमा वेगवेगळ्या हव्यात, आणि डॉक्टरांचा व्हेटर्नरी कौन्सिलचा नोंदणी क्रमांकही. पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आलं की ते दुसरीला पाठवा. कुठली रक्कम का कापली, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

क्लेम हमखास अडकतो तो तपशील न जुळल्याने. एका पॉलिसीत वय ३ वर्षं, दुसरीत ४. एकात मालक नवरा, दुसऱ्यात बायको आणि महापालिकेच्या लायसन्सवर तिसरंच नाव. हे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत कंपनीकडून लेखी बदल, करून आजच दुरुस्त करा. कुत्रा आजारी पडल्यावर केलेली दुरुस्ती संशयास्पद वाटते. लसीकरणाचं पुस्तकही तपासा. पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराची लस चुकली असेल, तर पार्व्होचा क्लेम दोन्हीकडून नाकारला जाऊ शकतो.

आणि दुसरी पॉलिसी नकोच असेल, तर तिच्यावर क्लेम करण्याआधीच ती रद्द करा. एक वर्षाच्या पॉलिसीवर क्लेम झालेला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. पण त्याआधी पहिल्या पॉलिसीचा वेटिंग पीरियड संपलाय ना, ते बघा. नाहीतर मधले दिवस विम्याशिवायच जातील.

दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत असतील, तर दोघींच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. अर्जासोबत दोन्ही पॉलिसी आणि सगळा ईमेल व्यवहार तारखेनुसार लावून जोडा.